खळीचा हात

पुठ्ठ्याने चौथ्या पिशवीतले दाणेही हुंगले, मान वळवली आणि तो पुन्हा दाराकडे तोंड करून बसला. शाल्मलीने हातातलं स्टीलचं मापटं खाली ठेवलं.

पहिल्या पिशवीत कोंबडी होती, दुसरीत मासळी. तिसरीतलं प्रथिन टाकीत आंबवून वाढवलेलं होतं, आणि ते पचायला हलकं असतं असं तिच्या पुण्याच्या ऑफिसातल्या तिघांनी तिला शपथेवर सांगितलं होतं. चौथी पिशवी नुसतीच महाग होती. पुठ्ठ्याला चारही पिशव्यांचं काही पडलेलं नव्हतं. त्याच्या बरगड्या आता लांबूनही दिसत होत्या.

कुत्रा पाळावा असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं. चैत्रात अप्पा गेले. तेराव्यानंतर ती साताऱ्याला राजवाड्यामागच्या बोळातलं त्यांचं बाइंडिंगचं दुकान आवरायला गेली, तेव्हा शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातून रुक्सानाचाची बाहेर आल्या. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, "पुठ्ठ्यालापण नेलं गं त्या लोकांनी."

"कुणाला?"

"पुठ्ठ्याला! तुझ्या अप्पांच्या पायरीवरचा. नगरपालिकेची गाडी आली, सगळ्या बोळातली कुत्री उचलली. हा आपला तिथेच बसून राहिला, पळाला पण नाही." चाची तिच्याकडे बघत राहिल्या. "तुला बोलले नव्हते?"

नव्हते बोलले. दर रविवारी फोन व्हायचा. हवा, पाणी, कुठलं पुस्तक बांधायला आलं, कुठलं वाचून झालं, हे सगळं व्हायचं. पायरीवर एक कुत्रा आहे, त्याचा रंग बाइंडिंगच्या पुठ्ठ्यासारखा आहे आणि त्यावरून त्याचं नाव ठेवलंय, एवढं मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

गावाबाहेरच्या निवाऱ्यात तो दाराकडे तोंड करूनच बसलेला होता. "खात नाही ताई, सलाइन लावून ठेवलाय," तिथली बाई म्हणाली. शाल्मलीने सही केली आणि त्याला अप्पांच्या घरी आणलं. अप्पांची एक वस्तू जास्तीची निघाली, ती मागे कशी ठेवणार, एवढाच तिचा हिशेब होता.

तो हिशेब पहिल्या आठवड्यातच चुकला. दाराकडे बघत बसलेल्या त्या पाठमोऱ्या जिवाने खावं, एवढी एकच गोष्ट तिला हवीशी वाटू लागली. सकाळी डोळे उघडले की ती आधी वाटी बघायची.

डॉक्टर संयोगिता घोरपडेंनी त्याला नखशिखांत तपासलं. "रोग काही नाही. भूकही आहे. पण ह्याने ठरवलंय," त्या म्हणाल्या. "म्हातारा आहे, अंगात काही उरलेलं नाही. असंच आणखी थोडे दिवस गेले तर मग मी काही करू शकणार नाही, हे आत्ताच सांगते."

"घरचं शिजवून घातलं. कोंबडी-भात."

"मग?"

"शितं चाटली आणि उठला."

तिने बाइंडिंगची खळसुद्धा करून बघितली होती. चाचींनी सांगितलं होतं, "तुझे अप्पा दुपारी खळ शिजवायचे, त्यातलीच थोडी बाजूला काढायचे. बाजरीची भाकरी, दाण्याचं कूट, कधी अंडं घालून द्यायचे." शाल्मलीने गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, भाकरी कुस्करली, कूट घातलं, चमच्याने सारखं केलं आणि वाटी पुढे ठेवली. पुठ्ठ्या ताडकन उठला. शेपूट एकदा हललं. वाटीत नाक घालून त्याने दोन-तीन श्वास घेतले, मग मान वर करून तिच्या मागे पाहिलं, स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, अप्पांच्या खोलीत जाऊन पाहिलं. परत आला तो थेट दाराशी.

त्या दिवशी तिला प्रथम रडू आलं. तेराव्याला आलं नव्हतं.

*

पोवई नाक्यावरच्या 'स्वगंध'च्या दुकानाचे मालक सुहास बर्गे पूर्वी अत्तरं विकायचे. माणूस बोलका होता, आणि आपल्या यंत्रावर त्यांचा लेकरासारखा जीव होता.

"ताई, कुत्र्याचं सुकं खाणं म्हणजे काय असतं? पीठ," ते सांगू लागले. "सगळं दळायचं, मळायचं आणि सोऱ्यातून शेव पाडावी तसं कढत वाफेच्या दाबाने बाहेर काढायचं. त्या उष्णतेत वास सगळा मरतो. निघतो तो नुसता दाणा. त्याला वासच नाही, मग कुत्रं तोंड कशाला लावेल? म्हणून कंपन्या वरून चरबी आणि रस्सा फवारतात. हे माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आलंय. आम्ही नवीन काय केलं? प्रत्येक कुत्र्याला त्याचा त्याचा फवारा दिला."

यंत्र म्हणजे एक बुटका कट्टा होता. कुत्र्याने त्यावर उभं राहायचं आणि समोरच्या भोकात नाक घालायचं. छातीला एक पट्टा असायचा. भोकातून निरनिराळ्या वासांचे बारीक झोत यायचे आणि एक कॅमेरा त्याच्या नाकपुड्यांवर रोखलेला असायचा.

"हुंगताना कुत्रं एका सेकंदात पाचपाच वेळा श्वास घेतं," बर्गे म्हणाले. "आणि त्याच्या दोन्ही नाकपुड्या वेगवेगळं काम करतात. अनोळखी वास आला की आधी उजवी पुढे होते. ओळख पटली की डावी. हे जुनंच ज्ञान आहे, फक्त कुणी त्याचा धंदा केला नव्हता. यंत्र एकेक वास मिसळत जातं आणि डावी नाकपुडी काय म्हणते ते ऐकत जातं. कुत्र्याच्या मनातलं जेवण सापडलं की थांबतं."

पुठ्ठ्या मुकाट उभा राहिला. पडद्यावर रंगांचे पट्टे वरखाली होऊ लागले. उकळलेला गहू, भाजलेली बाजरी, शेंगदाण्याचं तेल, जुनं सुती कापड, किंचित सरस. शाल्मलीने प्रत्येक नावाला मान डोलावली, जणू कुणी ओळखीच्या घराचा पत्ता वाचून दाखवत होतं. मग एक जाड पट्टा हळूहळू वर चढू लागला, चढतच गेला. पुठ्ठ्याच्या शेपटीचं टोक हलत होतं.

बर्गेंनी चष्मा वर केला. "यात एक माणूस आहे, ताई."

"म्हणजे?"

"हा पट्टा कातडीचा आहे. प्रत्येक माणसाचा निराळा. अंगातली रोगाशी लढणारी जी जनुकं असतात ना, ती आणि कातडीवर राहणारे जंतू मिळून हा वास ठरतो. जनुकं निम्मी आईची, निम्मी बापाची, त्यामुळे हा घराण्यात उतरतो. नाक-डोळे उतरतात तसा. फक्त आपला आपल्याला येत नाही. सवय असते ना जन्माची." त्यांनी आवाज खाली आणला. "काही गिऱ्हाइकं हा भाग काढून टाकायला लावतात. काही मुद्दाम ठेवतात. काढू?"

पुठ्ठ्या अजून नाक बाहेर काढत नव्हता.

"राहू दे," शाल्मली म्हणाली.

*

घरी येऊन तिने पिशवीचं तोंड कातरलं आणि ती तिथेच, ओट्याला टेकून उभी राहिली.

अप्पा कामावरून आले की दारातून जो वास आत यायचा तो ओट्यावर पसरला होता. कढत खळ, नवं कापड, आणि त्याच्या खाली एक शांत, कोरडा, अंगाचा वास. ह्याला कधी नाव दिलेलं नव्हतं, कारण तो कधी नसेल असं वाटलंच नव्हतं.

तिचं सगळं वाचन ह्या वासात झालं होतं. वाचनालयांची पुस्तकं अप्पांकडे बांधायला यायची. ते जुनी शिवण उसवायचे आणि फर्मे, म्हणजे पानांचे जुडगे, सुटे करून ठेवायचे. शाळेतून आली की ती जो हाताला लागेल तो फर्मा उचलायची. कितीतरी कादंबऱ्या तिने मधूनच सुरू केल्या. नायिकेचं लग्न आधी वाचलं आणि ती नायकाला भेटली कशी हे पुढच्या आठवड्यात, तो फर्मा वर आल्यावर. "लवकर वाच गं शमे, उद्या शिवायला घेणार आहे," अप्पा म्हणायचे आणि दोऱ्याला मेण लावत थांबून राहायचे. गिऱ्हाईक आलं तर म्हणायचे, उद्या देतो, अजून वाळलं नाही.

घरात मात्र एक कडक कायदा होता. खळीचा हात तोंडाला लावायचा नाही. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. त्या निळ्या खड्यांचं अप्पांना भारी भय. ते लहान असताना त्यांच्या घरच्या कोंबड्यांनी खळीचं भांडं टोचून रिकामं केलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी अंगणात एकही कोंबडी उठली नव्हती. तेव्हापासून अप्पा हात कितीही धुतले तरी चमच्याने जेवायचे. वरणभात चमच्याने, पिठलं-भाकरी काट्याने, लग्नाच्या पंगतीत जिलबीसुद्धा चमच्याने तोडून. आळीत त्यांना 'साहेब' म्हणायचे. आई गमतीने म्हणायची, "साहेब, मडमेला पण एक चमचा द्या." त्या घरात शाल्मलीही चमच्याने जेवायला शिकली. अन्न हाताने कालवणं तिला अजूनही जमत नसे. मैत्रिणींच्या घरी ती अवघडून बसायची.

वाढदिवसाला आई घास भरवायची. अप्पा शेजारी उभे राहायचे, हात पाठीमागे बांधून.

तिने मापटं भरून दाणे वाटीत ओतले. पुठ्ठ्याने नाक घातलं, एक श्वास उजवीकडून, दुसरा डावीकडून, आणि मग वाटी जमिनीवरून सरकत भिंतीला लागेपर्यंत तो खात राहिला.

*

महिना बरा गेला. बरा म्हणजे तिचा.

पुण्याच्या ऑफिसात ती यंत्राने केलेली भाषांतरं तपासायची. आता ते काम तिने साताऱ्याच्या घरातूनच करायला घेतलं. वाक्य अडलं की उठायची, पिशवीचं तोंड उघडायची, एक श्वास घ्यायची आणि परत येऊन बसायची. पुठ्ठ्याला दोन वेळा वाढायचं असायचं, पण पिशवी त्याहून बऱ्याच वेळा उघडली जायची. कागदाचा कर्रकन आवाज झाला की पुठ्ठ्या आशेने यायचा आणि रिकामी वाटी बघून तिच्या पायाशी बसायचा. मग दोघंही थोडा वेळ तसेच बसायचे.

त्याचे केस गळत होते हे तिने आधी उन्हाळ्यावर घातलं. पोट बिघडलं ते नव्या जागेवर. एका सकाळी जिना चढताना त्याचे मागचे पाय वाकले आणि तो पायरीवरच बसून तिच्याकडे लाजल्यासारखा बघू लागला, तेव्हा मात्र ती पिशवीसकट त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

घोरपडेबाईंनी पुठ्ठ्याऐवजी आधी पिशवी तपासली. उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली.

"तुम्ही भाषेचं काम करता ना? मग हे वाचलं नाहीत?"

"वाचलं होतं."

"मोठ्याने वाचा."

"मक्याचा कोंडा. वनस्पतिजन्य उपपदार्थ..."

"थांबा. जे जास्त असतं ते आधी लिहितात. म्हणजे हा कुत्रा महिनाभर मक्याचा कोंडा खातोय. आणि उपपदार्थ म्हणजे काय, ते देवाला माहीत आणि कंपनीला माहीत. प्रथिनं बघा, किती कमी. मांसाचं नाव कुठेतरी तळाला, तेही कुठल्या प्राण्याचं ते लिहिलेलं नाही. हे तुमच्याच बाबतीत नाही, गावभर हेच चाललंय. दाणा कसलाही घाला, वास बरोबर लागला की कुत्रं खातं. मग चांगला दाणा घालायचा कशाला? वासाला माणूस आणि पोटाला भुसा."

"पण खातोय तरी ना, डॉक्टर."

"माझा मुलगा स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर खायचा. खायचा तरी ना."

शाल्मलीला हसू आलं.

डॉक्टरांनी कपाटातून एक साधी खाकी पिशवी काढली. फलटणकडच्या बायकांच्या एका सहकारी संस्थेचं खाणं होतं. पहिलं नाव कोंबडी, दुसरं ज्वारी, तिसरं अळ्यांचं पीठ. प्रथिनं भरपूर, कुठे आणि केव्हा बनवलं ते ठळक छापलेलं, आणि किंमत 'स्वगंध'च्या निम्मी. "वासबीस काही नाही," त्या म्हणाल्या. "एकदम बदलू नका, पोट बिघडेल. आधी जुन्यात मूठभर नवं. मग रोज थोडं थोडं नवं वाढवायचं, जुनं कमी करायचं. आठवड्या-दीड आठवड्यात जुनं संपलं पाहिजे."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर मग आपण दोघी परत बोलू. पण ह्या कोंड्यावर तो पावसाळा काढणार नाही."

परतताना ती बर्गेंकडे थांबली. हाच फवारा ह्या खाकी पिशवीतल्या दाण्यावर मारून मिळेल का?

"यंत्र दुसऱ्याचा दाणा आत घेतच नाही, ताई. मी म्हटलं तरी नाही घेणार," बर्गे ओशाळून म्हणाले. "आमच्यातच वरच्या दर्जाचं आहे, मांस भरपूर. पण खरं सांगू का, ते रोज घालायचं तर पुठ्ठ्याला नोकरीला लावावं लागेल."

*

पुठ्ठ्याने नवे दाणे ओळखायला क्षणही घेतला नाही. तांदळातले खडे निवडावेत तसा तो जुना दाणा उचलायचा आणि नवा जिभेने कडेला सारायचा. जेवण झालं की वाटीत सगळे नवे दाणे धुऊन पुसून ठेवल्यासारखे उरलेले असायचे. एक तर त्याने वाटीबाहेर आणून तिच्या चपलेत ठेवला होता.

"हे तुझं तू खा, असं म्हणतोय का रे?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण ती पाळत होती असं नाही. नवं वाढवायच्या दिवशी ती म्हणायची, आज राहू दे, आज त्याचे डोळे उतरलेत. जुन्याचं मापटं घालताना हात सैल व्हायचा. पिशवी तळाला आली तेव्हा तिने 'स्वगंध'कडे दुसरी मागवायला फोन हातात घेतला, आणि तेवढ्यात पुठ्ठ्या पाणी प्यायला उठला. चार पावलं चालून मधेच बसला. पाण्यापर्यंत गेला नाही.

तिने फोन ठेवला. ही पिशवी कुणासाठी येणार होती, ते तिला नीट कळलं होतं.

त्याच दुपारी रुक्सानाचाची आल्या, पुठ्ठ्याला बघायला आणि शाल्मलीला शिरखुर्मा द्यायला. ईद होऊन आठवडा झाला होता, पण ही वाटी चुकायची नाही. पुठ्ठ्याने शेपूट आपटलं, उठला नाही. शाल्मलीने ओट्यावरची पिशवी उघडली तशा चाची बोलता बोलता थांबल्या. पदर नाकाशी धरला, मग सोडला.

"या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या. "भालूभाई."

अप्पांचं नाव भालचंद्र. बोळात सगळे भालूभाईच म्हणत.

चाची पिशवीजवळ गेल्या, वाकून बघितलं, जणू आत कुणी असेल. "असलं पण विकतात आता?" त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसून पुठ्ठ्याच्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. "ह्याचे काय लाड करायचे माहितीये? दुपारी खळ निवली की तिच्यात गुठळ्या राहायच्या. त्या बसून बोटांनी मोडायचे. भाकरी त्यात कालवायची, चांगली मऊ करायची, मग ह्याच्यापुढे. साहेबांची नजर चुकवून मी एकदा बघितलं, तर चक्क घास करून देत होते."

शाल्मलीने पिशवीचं तोंड दुमडायचं थांबवलं. "हाताने?"

"मग काय पायाने? मी म्हटलंपण, काय भालूभाई, सगळी उमर चमच्याने जेवलात, आता कुत्र्यासाठी हात खराब करता? तर हसले. म्हणाले, आता कोण पुस्तकं बांधून घेतंय, चाची? शिवायला काही आलंच तर खळ नुसती पिठाची करतो, मोरचूद आणून वर्षं झाली. हात आता मोकळा आहे."

त्या थांबल्या. पुढचं सांगावं की नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगी भरवायच्या वयाची होती तेव्हा ह्या हाताला विष होतं."

चाचींनी शिरखुर्म्याची वाटी तिच्याकडे सरकवली. "खा. दूध फाटेल."

शाल्मलीने चमचा उचलला, आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या पिशवीतला तळाचा चुरा वाटीत घेतला नाही. पिशवीचं तोंड घडी घालून, अप्पांची कागद धरायची मोठी चिमटी लावून ती माळ्यावर ठेवली. खाकी पिशवी उघडली. वास आला तो ज्वारीच्या पिठाच्या गिरणीचा, थोडा कोंबडीचा. नाव घेण्यासारखं काही नाही.

मापाने दाणे वाटीत घेतले, वर कोमट पाणी घातलं. दाणे फुगेपर्यंत ती ओट्याशी उभी होती. मग मनगटापर्यंत हात धुतले. साबण न लावता, नुसत्या पाण्याने.

बोटं वाटीत घालताना ती पहिल्यांदा दचकली. कोमट, खरखरीत, निसरडं. हात कसा फिरवायचा हेही नीट माहीत नव्हतं. तिने दाणे मुठीत धरले, दाबले, अंगठ्याने मोडले. काही बोटांमधून निसटले. हळूहळू एक लय सापडली. खळ निवल्यावर अप्पांचा हात भांड्यात असा फिरायचा, मधून कडेकडे, हे तिने लहानपणी लांबून पाहिलं होतं. लांबूनच, कारण जवळ जायला मनाई होती. गुठळी सापडली की ते जरा थांबायचे, ती बोटांत धरायचे, मोडायचे, पुढे जायचे. तिचा हातही तसाच थांबत होता, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

वाटी पुठ्ठ्यापुढे ठेवली. तो दाराकडे तोंड करून पडला होता. मान वळवली ती बळेच.

उजवी नाकपुडी पुढे आली. एक श्वास, दुसरा. शाल्मलीने आपला श्वास धरून ठेवला होता. तो वाटी हुंगत होता, मग वाटीची कड, मग कडेवर राहिलेला तिचा ओला हात. तिथे तो थांबला. नाक किंचित फिरलं. डावी नाकपुडी तिच्या तळहाताला टेकली, थंड आणि ओली, आणि तिथेच राहिली.

तिने थोडा गोळा उचलला आणि घास करून त्याच्यापुढे धरला.

पुठ्ठ्याने या वेळी तिच्या मागे पाहिलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं नाही, अप्पांच्या खोलीतही गेला नाही. तिच्या बोटांतून घास घेतला, चावला, आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं. तिसऱ्या घासाला तो उठून बसला. मग वाटीत तोंड घातलं, आणि वाटी सरकू लागली तशी तिने ती दुसऱ्या हाताने धरून ठेवली.

खाऊन झाल्यावर तो तिची बोटं चाटू लागला. अंगठा, मग तर्जनी, मग मधलं बोट. एकेक, सावकाश, एखादी गुठळी राहिली असेल तर म्हणून.

त्याचं झाल्यावर तिने तो हात नाकाशी नेला. डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

ज्वारी. कोंबडी. कुत्र्याची लाळ. त्याखाली ती शोधत राहिली, पण तिला काही आलं नाही.

पुठ्ठ्या मात्र दाराकडे पाठ करून तिच्या पायाशी येऊन पडला होता, नाक तिच्या हाताकडे ठेवून.